स्क्रीनवर मासे दिसतात, पण सॅमन लागत नाही: लेक ओंटारिओवर काय आणि कुठल्या क्रमाने तपासायचं

तक्रार दरवर्षी तीच असते. फिशफाइंडरवर (पाण्याखालचं दाखवणाऱ्या सोनारच्या पडद्यावर) कमानी, म्हणजे माशांच्या खुणा दिसताहेत, एलवाइफ या छोट्या माशांचे ढग दिसताहेत, चार रॉड पाण्यात आहेत आणि तीन तासांत एकाचंही टोक हललेलं नाही. पलीकडच्या बोटीवर मात्र जाळं दुसऱ्यांदा पाण्यात उतरलंय. मग बहुतेक जण डबा उघडून स्पूनचे, म्हणजे धातूच्या चमच्यासारख्या आमिषांचे, रंग बदलायला लागतात. रंग हा तपासणीतला शेवटचा मुद्दा. त्याआधी चार गोष्टी बघायच्या आणि त्याही याच क्रमाने: पाण्याचं तापमान, आमिषाची खरी खोली, आमिषाचा खरा वेग आणि आमिषाची चाल. क्रम सोडला तर दिवस अंदाजात जातो.

इथलं सगळं लेक ओंटारिओमधल्या चिनूक आणि कोहो सॅमनबद्दल आहे. कॅनडाच्या बाजूच्या पोर्ट क्रेडिट, ब्रॉन्टे, व्हिटबी किंवा पलीकडे न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्कॉट, ऑस्वेगोहून निघणाऱ्यांना ते थेट लागू पडेल. मापं फूट, ताशी मैल आणि फॅरनहाइटमध्ये दिली आहेत, कारण डाउनरिगरच्या (केबलवर जड गोळा, म्हणजे बॉल, सोडून आमिष खोलवर नेणाऱ्या यंत्राच्या) काउंटरवर आणि धक्क्यावरच्या बोलण्यात तीच असतात.

थोडी पार्श्वभूमी लागेल. या सरोवराची कमाल खोली २४४ मीटर आहे. इथला मूळचा अटलांटिक सॅमन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संपला. आज जे चिनूक आणि कोहो मिळतात ते पॅसिफिकचे. न्यूयॉर्क आणि ओंटारिओने ते १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून इथे सोडले, आणि एक मोठा हेतू होता वारेमाप वाढलेल्या एलवाइफना आवर घालण्याचा. म्हणून चिनूकचं गणित दोनच गोष्टींवर चालतं: एलवाइफ कुठे आहेत आणि थंड पाणी कुठे आहे. जागेशी त्याला देणंघेणं नाही. मागच्या रविवारी जीपीएसवर मारलेली खूण आज रिकामी सापडली तर त्यात नवल काही नाही.

दिसतंय ते सॅमनच आहे का?

तळापासून पाच-सहा फुटांच्या आत, तळाला धरून असलेल्या कमानी बहुधा लेक ट्राउटच्या असतात. त्यांना ४५ ते ५० अंशांचं पाणी आणि संथ, ताशी १.८ ते २ मैलांचा वेग लागतो. चिनूकसाठी लावलेला सरंजाम त्यांच्या डोक्यावरून नुसता निघून जातो. चिनूक सहसा मधल्या पाण्यात अधांतरी असतो. एलवाइफचा दाट गोळा आणि त्याच्या कडेला किंवा खाली सुट्या, जाड कमानी हे चित्र हवं.

दुसरी फसगत ट्रान्सड्यूसरच्या, म्हणजे ध्वनिलहरी सोडणाऱ्या सेन्सरच्या, कोनाची. २० अंशांचा कोन धरला तर १०० फुटांवर तुम्हाला साधारण ३५ फूट व्यासाचा गोल दिसतो. म्हणजे बोटीच्या बरोबर खालचं, मागे फार तर १७-१८ फुटांपर्यंतचं. वेगात असताना तुमचा बॉल त्याच्याही मागे गेलेला असतो. स्क्रीनवरचा मासा बोटीखालचा आहे, आमिषाजवळचा नाही. तो त्याच खोलीवर राहिला तर आमिष काही सेकंदांनी त्याच्यापर्यंत पोहोचेल, इतकाच त्याचा अर्थ.

बॉल उथळ असेल आणि त्याची रेघ स्क्रीनवर दिसत असेल तर मात्र एक फार उपयोगी खूण मिळते. खालून बॉलच्या दिशेने चढत येणारी आणि मग पुन्हा खाली वळणारी तिरपी रेघ. मासा आला, त्याने बघितलं आणि परतला. अशी रेघ दिसली की खोलीला हात लावू नका. दोष वेगात किंवा चालीत आहे.

तापमान

चिनूकसाठी शोधायचं पाणी ५४ फॅरनहाइटचं, म्हणजे १२ सेल्सिअसचं. ४८ ते ५६चा पट्टा कामाचा, आणि मोठे मासे बरेचदा त्याच्या थंड बाजूला, ४५-४८ मध्येही असतात. जुलै-ऑगस्टमध्ये वरचं पाणी ७० अंशांपर्यंत तापतं, खालचं ४०-४२ वर राहतं, आणि मध्ये काही फुटांतच तापमान धाडकन उतरतं. तीच थर्मोक्लाइन. फिशफाइंडरची सेन्सिटिव्हिटी वाढवली की ती धुरकट आडव्या पट्ट्यासारखी दिसते. ऑटो मोडवर यंत्र ती 'कचरा' समजून पुसून टाकतं, म्हणून मॅन्युअलवर या. बॉलजवळचं तापमान आणि वेग सांगणारा प्रोब असेल तर अंदाजाचं कामच उरत नाही. एकच महागडी वस्तू घ्यायची असेल तर स्पूनचा तिसरा डबा न घेता प्रोब घ्या. तो नसेल तर निघण्याआधी नोआ या अमेरिकी हवामान-समुद्र संस्थेच्या ग्रेट लेक्स मॉडेलमध्ये खोलीनुसार तापमानाचा अंदाज बघता येतो. तंतोतंत नसला तरी ५४ अंशांची रेषा ४० फुटांवर आहे की १००, एवढं कळतं.

ही रेषा हलते कशाने? कोकणात गरवायला जाणारा माणूस आधी भरती-ओहोटीची वेळ बघतो. इथे भरती पाच सेंटिमीटरसुद्धा नसते. तिचं काम वारा करतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याने ढकललेलं वरचं पाणी वाऱ्याच्या उजव्या हाताला सरकतं. पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा जोरदार वारा एक-दोन दिवस टिकला की टोरंटो-मिसिसागाच्या किनाऱ्यावरचं कोमट पाणी दक्षिणेकडे सरकतं आणि खालचं गार पाणी काठाशी वर येतं. काल ६८ असलेला पृष्ठभाग उद्या ४८ दाखवू शकतो. पूर्वेचा वारा उलटं करतो: कोमट पाणी उत्तर किनाऱ्यावर साचतं आणि थर्मोक्लाइन १०० फुटांच्याही खाली दाबली जाते. न्यूयॉर्कच्या बाजूला नेमकं याच्या उलट. ऑल्कॉटला गार पाणी वर आणतो तो पूर्वेचा किंवा ईशान्येचा वारा.

म्हणून 'परवा ७० फुटांवर धडाधड लागत होते, आज काहीच नाही' या तक्रारीचं पहिलं उत्तर मधल्या दोन दिवसांच्या वाऱ्यात असतं. उत्तर किनाऱ्यावर पश्चिमेचा वारा होऊन गेला असेल तर ७० फूट आता ४२ अंशांवर असेल; ३० फुटांवर या. पाणी वरपासून तळापर्यंत ४२-४४ झालं असेल तर तिथे थांबू नका, ५०च्या वरचं पाणी लागेपर्यंत आत जा. पूर्वेचा वारा झाला असेल तर खाली जा, आणि १०० फूट पाण्यात रेंगाळू नका. तिथे ५४ अंश तळालाच टेकले असतील. १५० ते २५० फूट पाण्यावर जाऊन रेषा पुन्हा शोधा.

खरी खोली

काउंटरवर १०० दिसतं म्हणजे बॉल १०० फुटांवर आहे असं नाही. काउंटर फक्त किती केबल सुटली ते सांगतो. केबल मागे झुकते. उभ्या रेषेपासून २० अंश झुकली तर १०० फूट केबलवर बॉल साधारण ९४ फुटांवर, ३० अंशांना ८७ आणि ४० अंशांना ७७ फुटांवर. हा सरळ रेषेचा हिशेब झाला. प्रत्यक्षात केबल खालच्या भागात जास्त उभी असते, त्यामुळे बॉल या आकड्यापेक्षा थोडा खालीच मिळतो. तरीही पंधरा फुटांची चूक सहज होते, आणि थर्मोक्लाइनच्या आसपास पंधरा फूट म्हणजे दहा-बारा अंशांचा फरक.

उपाय सोपे आहेत. १० पौंडांचा बॉल ६० फुटांपर्यंत ठीक. त्याखाली १२, आणि ९० फुटांखाली १५ पौंडांचा लावा (आधी तुमचा डाउनरिगर तेवढं वजन झेपवतो का ते बघा). केबल तुटून नव्याने बांधली असेल तर काउंटर पुन्हा तपासा. ड्रमवरचे वेढे कमी झाले की एका फेरीत कमी केबल सुटते आणि काउंटर जास्त खोली दाखवतो. पडताळणीसाठी सपाट, चिखलाचा तळ आणि माहीत असलेली खोली निवडा. रॉड न लावता, नेहमीच्या वेगात बॉल हळूहळू सोडत तळाला एकदा टेकवा आणि काउंटर व फिशफाइंडरच्या आकड्यांतला फरक लिहून ठेवा. खडकाळ तळावर हा प्रयोग केला तर बॉल तिथेच ठेवून यायची तयारी हवी.

बाकीच्या लाइनचे आकडे ढोबळ आहेत, पण सुरुवातीला पुरतात. डिप्सी डायव्हर (लाइन खाली आणि बाजूला ओढणारी चकती) १ नंबरच्या सेटिंगला सोडलेल्या लाइनच्या साधारण निम्म्या खोलीवर जातो, ३ नंबरला एक तृतीयांश. वायरवर तो आणखी खाली जातो, जाड मोनोवर (नायलॉनच्या एकपदरी लाइनवर) वर राहतो. लेडकोरच्या (शिशाचा गाभा असलेल्या लाइनच्या) प्रत्येक रंगाला, म्हणजे दर १० यार्डांना, चार ते पाच फूट. ४५ पौंडी तांब्याच्या तारेला दर १०० फुटांमागे २०-२२ फूट. वेग वाढला की लेडकोर आणि तांब्याची तार वर येतात.

एक नियम मात्र पक्का ठेवा: आमिष माशाच्या थोडं वर. सॅमन वर बघून, वरच्या उजेडात दिसणाऱ्या आकारावर झडप घालतो. कमानी ८० फुटांवर असतील तर पहिला बॉल ७०-७५ वर, दुसरा ८० वर. सगळे बॉल ९०ला लावून बसलेल्या बोटी दर शनिवारी दिसतात.

खरा वेग

'पूर्वेकडे जाताना लागतात, परत येताना नाही' ही तक्रार ऐकली की वेगाकडेच बोट दाखवायचं. जीपीएस सांगतो तो बोटीचा जमिनीवरचा वेग. आमिषाला कळतो तो त्याच्याभोवतीच्या पाण्याच्या तुलनेतला. ८० फुटांखालचा प्रवाह वरच्यापेक्षा वेगळ्या दिशेला असू शकतो. जीपीएसवर २.५ असताना बॉलजवळ १.७ किंवा ३.२ मिळणं इथे नेहमीचं आहे.

प्रोब नसेल तर केबलकडे बघा. इंजिन त्याच आरपीएमवर ठेवून एकदा पूर्वेला, एकदा पश्चिमेला चाला. एका दिशेला केबल उभी आणि दुसऱ्या दिशेला खूप मागे झुकलेली दिसली तर खाली प्रवाह आहे. मग जीपीएस विसरायचा आणि ज्या कोनात मासा लागला तोच कोन दोन्ही दिशांना राखायचा, जीपीएसवर एका बाजूला २.१ आणि दुसऱ्या बाजूला ३ दिसलं तरी.

बॉलजवळचे वेग: स्पूनला २.३ ते २.८, फ्लॅशर-फ्लायला (गिरक्या घेणारी चकचकीत पट्टी आणि तिच्यामागे केसाळ आमिष) २.२ ते २.६, हेरिंगची पट्टी लावलेल्या मीट रिगला २ ते २.४. स्पून आणि मीट रिग एकत्र लावून दोन्हींवर मासा मागायचा असेल तर २.४च्या आसपास राहा. पण दोघांपैकी एक नेहमी नाखूश असणार. सकाळी कशावर लागतंय ते कळलं की सगळा सरंजाम त्याच जातीचा करा.

बिनपैशाची चाचणी वळणावर होते. बोट वळवली की बाहेरच्या बाजूच्या लाइन वेग घेऊन थोड्या वर येतात, आतल्या मंदावून खाली जातात. वळणावर बाहेरच्या रॉडवर बाइट आला तर तुम्ही हळू चालताय. आतल्या रॉडवर आला तर वेगात आहात किंवा वर आहात. सरळ रेषेत तासभर काही नसेल तर दर दहा मिनिटांनी सैल एस आकारात चाला. दुसरं काही नाही तरी निदान होईल.

चाल

प्रत्येक आमिष सोडण्याआधी बोटीच्या कडेला दहा सेकंद पाण्यात धरून बघा. स्पून दोन्ही बाजूंना डोलला पाहिजे, गोल-गोल फिरता कामा नये. फिरत असेल तर वेग जास्त आहे, स्पून वाकला आहे किंवा मोठं स्विव्हल (फिरती कडी) लावून तुम्ही त्याचा तोल घालवला आहे. फ्लॅशर संथ, पूर्ण गिरक्या घेत चालला पाहिजे. नुसता डोलत असेल तर वेग वाढवा.

फ्लॅशरमागच्या फ्लायचं अंतर हा सर्वांत दुर्लक्षित आकडा आहे. ८ इंची फ्लॅशरमागे २० ते २४ इंच, ११ इंचीमागे २६ ते ३२. लीडर (फ्लॅशर आणि फ्लायमधली लाइन) ५० पौंडी, कारण फ्लॅशरचा झटका फ्लायपर्यंत पोहोचवायला ताठर लाइन लागते. बारीक लीडर झटका गिळतो आणि फ्लाय मेल्यासारखी मागून येते. मासे येऊन परतताहेत असं स्क्रीनवर दिसलं तर लीडर दोन-दोन इंचांनी आखूड करा, फ्लाय जास्त उडते. एक मोठा मासा झगडून गेल्यावर लीडर गुंडाळल्यासारखा वळतो. तो लगेच बदला. मीट रिगचं गणित निराळं, तिथे फ्लॅशरपासून आमिषापर्यंत चार ते सहा फूट लागतात. आणि पट्टीची गिरकी घट्ट, भोकपाडी गिरमिटासारखी हवी.

बॉलपासून आमिष किती मागे ठेवायचं? खोल पाण्यात फ्लॅशर १० ते २५ फूट, स्पून १५ ते ४०. वसंतात उथळ, नितळ पाण्यात ७५ ते १५० फूट आणि शक्य तर प्लेनर बोर्डवर बाजूला नेऊन, कारण बोट वरून गेली की मासे दोन्ही बाजूंना पांगतात.

आता रंग. पहाटे अंधारात आणि ८० फुटांखाली चकाकणारा, ग्लो. तो दर अर्ध्या तासाने टॉर्चखाली धरून भारायचा. ऊन वर आलं की हिरवा-चंदेरी. लाल रंग पाण्यात सर्वांत आधी मावळतो, त्यामुळे खोलवर लाल म्हणजे काळाच. यापेक्षा जास्त वेळ रंगावर घालवण्यात अर्थ नाही. डाउनरिगरच्या केबलमधल्या विद्युतभारावरही तासन्‌तास चर्चा चालते. बोटीचे झिंक अॅनोड झिजलेले असतील तर बदला आणि तो विषय तिथेच सोडा.

लाइनवरचा कचरा

जुलैपासून लाइनवर ओल्या कापसासारखे गोळे जमतात. त्या लांब शेपटीच्या पाणपिसवा, बाहेरून आलेल्या. काटेरी पाणपिसू इथे १९८२ मध्ये सापडली, गळासारख्या शेपटीची तिची बहीण १९९८ मध्ये. त्या लाइनवर घट्ट अडकतात, गोळा रॉडच्या टोकाच्या कडीत येऊन बसतो आणि मासा बोटीपासून तीस फुटांवर असताना रील फिरायचं थांबतं. ब्रेडेड (विणलेल्या) लाइनवर आणि बारीक मोनोवर त्या सर्वांत जास्त चिकटतात. हंगामापुरती ३० पौंडी किंवा त्याहून जाड मोनो भरा. दर वीस मिनिटांनी रॉडचं टोक पाण्यात बुडवून झटका. मासा लागल्यावर एकाने रॉड धरावा आणि दुसऱ्याने बोटांनी लाइन पुसत राहावं. पिसवांनी भरलेल्या लाइनमुळे आमिषाची खोलीही बदलते, हे विसरलं जातं.

लागतो, पण सुटतो

पहिल्या पाच सेकंदांत सुटत असेल तर गळ बोथट आहे किंवा रिलीज क्लिप (लाइनला बॉलशी धरून ठेवणारी चिमटी) सैल आहे. गळाचं टोक नखावर हलकेच ओढा. घसरलं तर घासा, ओरखडा उठला तर ठीक. क्लिप इतकी घट्ट हवी की रॉड खोल वाकल्यावरच लाइन सुटेल. सुटण्याचा तोच झटका गळ रुतवतो. पण फार घट्ट केली तर दोन पौंडांचं पिल्लू क्लिप न सोडवता तासभर मागे फरफटत येतं आणि तुम्ही आमिष चालतंय अशा समजात असता. एखाद्या रॉडचं टोक उगाच थरथरत असेल तर वर घेऊन बघा.

मधल्या धावेत सुटत असेल तर ड्रॅग (रीलमधला ब्रेक) बघा. ३० पौंडी लाइनला ६ ते ७ पौंड, आणि तो अंदाजाने न ठरवता स्प्रिंगच्या काट्यावर मोजायचा. वीस-पंचवीस पौंडांचा चिनूक पहिल्या धावेत सहज शंभर यार्ड नेतो. रीलवर ३०० यार्ड हवेतच. धाव चालू असताना अंगठा दाबायचा मोह आवरा. जाळ्याजवळ सुटत असेल तर बहुधा माणसाची घाई असते: जाळं आधी पाण्यात, मासा डोक्याकडून आत.

हंगामागणिक काय बिघडतं

एप्रिल ते मेचा मध्य: इथली चूक एकच, फार खोल आणि फार आत जाणं. पाणी सगळीकडे गार असतं, म्हणून मासा त्यातल्या त्यात उबदार पाणी शोधतो. ते काठाशी, सरोवराच्या पश्चिम टोकाला आणि नायगारा नदीच्या मुखाबाहेरच्या उथळ बारवर मिळतं. ४ सेल्सिअसचं पाणी सर्वांत जड. काठाचं उबदार आणि मधलं गार पाणी जिथे भिडतं तिथे ते खाली बुडतं आणि वर तरंगता कचरा ओळीने साचतो. या रेषेच्या काठाकडच्या बाजूने चाला. कोहो वरच्या १०-२० फुटांत असतात. त्यांना छोटे स्पून किंवा लाल-नारिंगी डॉजरमागे (डोलणाऱ्या पट्टीमागे) एक फूट अंतरावर बारकी फ्लाय पुरते. ११ इंची फ्लॅशर घरी ठेवा. वाऱ्याने गढूळ झालेलं पाणी असेल तर चकचकीत सोडून गडद, ठसठशीत रंग घ्या. आणि लाइफ जॅकेट अंगावर; त्या पाण्यात हातपाय फार लवकर आखडतात.

जून: मासे विखुरलेले. १५० ते ४०० फूट पाण्यावर वेगवेगळ्या खोल्यांवर रॉड पसरा, अंतर कापा, एका जागी फेऱ्या मारू नका.

जुलै ते ऑगस्टचा मध्य: वर सांगितलं ते सगळं इथे लागू.

ऑगस्टची अखेर आणि सप्टेंबर: सगळ्यात जास्त वैताग याच दिवसांचा. क्रेडिट, हंबर, ब्रॉन्टे क्रीक, पोर्ट होपची गनारास्का, पलीकडे सॅमन रिव्हर, या सगळ्या मुखांबाहेर ३० ते ८० फूट पाण्यात मोठमोठ्या कमानी दिसतात आणि तोंड कोणी उघडत नाही. कारण सरळ आहे. तीन-चार वर्षांचा हा मासा अंडी घालायला नदीत शिरण्याच्या तयारीत असतो, त्याचं खाणं थांबत आलेलं असतं. तो झडप घालतो ती चिडून. त्यामुळे आमिष भुकेसाठी नको, डिवचण्यासाठी हवं: चार-पाच इंची जे-प्लग (प्लास्टिकची लांबट आमिषं), ग्लो रंगाचे, आणि वेगात अधूनमधून मुद्दाम बदल. गिअर न्यूट्रलला आणून पाच सेकंद मंदावा, मग पुन्हा वेग घ्या. बाइट बहुतेकदा त्या वेग घेण्याच्या क्षणी येतो. वेळ उजाडण्याआधीचा तास आणि संध्याकाळचा शेवटचा. धक्क्यावरून टाकणाऱ्यांना रात्री पाऊण ते एक औंसाचे ग्लो स्पून पुरतात. उत्तर किनाऱ्यावर पश्चिमेच्या वाऱ्याने गार पाणी काठाशी आणलं किंवा मोठा पाऊस झाला की मासे मुखाशी सरकतात. बाकी दिवशी नदीचं पाणी कोमट असल्याने ते बाहेरच खोळंबतात.

सूर्य वर आल्यावर मात्र त्याच गर्दीत, त्याच कमानींवर चार तास फेऱ्या मारण्यात काही हाशील नाही. जे-प्लग काढा आणि १५० ते ३०० फूट पाण्यावर जा. पुढच्या वर्षी परतणारे, अजून न पिकलेले चंदेरी चिनूक तिथे ४८-५४ अंशांत एलवाइफ खात असतात. त्यांच्यावर जुलैचाच सरंजाम चालतो, आणि खायलाही तेच चांगले. मुखाजवळच्या तांबूस-काळ्या माशाचं मांस फिकं आणि मऊ पडलेलं असतं.

ठेवण्याआधी मासा ओळखा. चिनूकच्या हिरड्या काळ्या आणि ठिपके शेपटीच्या दोन्ही पाकळ्यांवर. कोहोच्या हिरड्या फिकट, ठिपके फक्त वरच्या पाकळीवर. अटलांटिक सॅमन पुन्हा वसवण्याचे प्रयत्न चालू आहेत आणि त्याची मर्यादा वेगळी आहे, म्हणून हा फरक दंडापर्यंत जाऊ शकतो. दर वर्षीची नियमावली त्या वर्षाचीच वाचा. लाइन किती लावायच्या तेही तिथेच कळतं. सरोवराच्या मधली सीमा ओलांडलीत तर न्यूयॉर्कचा परवाना वेगळा लागतो. मोठे चिनूक किती वेळा खावेत याचा ओंटारिओ सरकारचा सल्ला आकारानुसार दिलेला असतो. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी तो जास्त कडक आहे. कातडी आणि पोटाकडची चरबी काढून टाकली की काही घटक बरेच कमी होतात, पारा मात्र मांसातच राहतो.

पहिला मासा लागला की रॉड एकाच्या हातात देऊन दुसऱ्याने लगेच पाच गोष्टी लिहाव्यात: काउंटरवरची खोली, केबलचा कोन किंवा प्रोबचा वेग, बोटीची दिशा, बॉलपासून आमिषाचं अंतर, आणि बाइट सरळ चालताना आला की वळणावर. मासा बोटीत आला की सगळे रॉड त्याच खोलीला नेऊ नका. एक तिथेच, दुसरा पाच-दहा फूट वर, तिसरा तेवढाच खाली. दुसरा मासा कुठल्या रॉडवर येतो ते बघून मग बाकीचे हलवा.